पंधरा शतांश सीसी

माझं दुकान इंजिन बोअरिंगचं, म्हणजे घासलेला सिलिंडर कापून मोठ्या मापाचा करायचं. वर्षातून दोन-तीन रविवार क्लबच्या डर्ट रेसला, म्हणजे मातीवरच्या बाइक शर्यतीला, स्क्रूटिनीअर (गाड्या तपासणारा) म्हणून फुकट राबतो. लोकांना वाटतं आम्ही इंजिनं तपासतो. सकाळी फक्त ब्रेक, किल स्विच, हेल्मेट, लिव्हरच्या टोकाचे गोळे आणि साइड स्टँड काढलाय का, एवढंच बघून होतं. इंजिन उघडतं ते कुणी प्रोटेस्ट, म्हणजे लेखी हरकत, टाकला तरच.

गेल्या वेळी टाकला. नवशिक्यांचा गट, १०० सीसीपर्यंत टू-स्ट्रोक. पहिला आला कोल्हापूरकडचा एक पोरगा, यामाहा आरएक्स १०० घेऊन. दुसऱ्यानं निकाल लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत फी भरून अर्ज दिला: गाडी मोठ्या सीसीची आहे.

हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) उतरवून पूर्ण गार होऊ दिला. हे लोकांना पटत नाही, घाई करतात. पण तापलेला बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तीन-चार शतांश मिलिमीटरनं फुगलेला असतो आणि इथे तेवढ्यावर निकाल फिरू शकतो. मग बोअर गेज. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला पोर्टची भोकंच भोकं, त्यामुळे पोर्टच्या वर, जिथे घास कमी, तिथे आडवं-उभं फिरवून सहा मापं घेतली. पोराच्या बाजूनं म्हणून सगळ्यात लहान धरलं: ५०.५० मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्यावरही ०.५० कोरलेलं.

कंपनीचा बोअर ५०, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५०, म्हणजे ९८.१७ सीसी. पाव मिलिमीटर मोठा पिस्टन चढवला तर ९९.१६. अर्धा चढवला की १००.१५.

मी तीनदा गुणाकार केला. या गाडीला अर्ध्याचा बोअर मी स्वतः शेकड्यानं केला असेल. कंपनीनं १९९६ ला बनवणं बंद केलेली गाडी. धूर मारायला लागली की बोअर करायचाच. त्यात ती शंभराची रेघ ओलांडते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आरसी बुकात ९८ लिहिलेलं असतं, विषय संपला.

"काका, धूर मारत हुती म्हणून केलं. पाव पिस्टन कुठंच मिळाला न्हाई, मग अर्धा घातला," पोरगा म्हणाला. फसवायचं असतं तर ५८ च्या बोअरचा आरएक्स १३५ चा ब्लॉक बसवला असता.

पंधरा शतांश सीसीनं गाडी पळत नाही. पळते पोर्टनं. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला मिलिमीटरभर फाइल मारा, वर नीट बनवलेला एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर पाइप) लावा, मग बघा वरच्या आरपीएमला काय होतं ते. प्रोटेस्ट टाकणाऱ्याच्या गाडीवर हे सगळं होतं आणि सगळं नियमात, कारण आमच्या नियमपत्रकात पोर्ट आणि एक्झॉस्टमध्ये हवे ते बदल चालतात. तो स्वतः चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर दोन हंगाम धावलेला गडी. पण आमचा 'नवशिका' म्हणजे डर्टमध्ये पहिल्या तिनात न आलेला. डांबरी ट्रॅकवरचं मोजत नाहीत. पत्रक लिहिणाऱ्यांनी मागच्या वर्षीच्या कागदावरची तारीख तेवढी बदलली होती. घासलेल्या इंजिनासाठी ओव्हरसाइज पिस्टनची सवलत अनेक ठिकाणी लिहिलेली असते. एका ओळीचं काम. मीही कधी सुचवलं नाही, हेही खरंच.

कमिटीत एक जण हळूच म्हणाला, "शंभरच लिही की." नाही लिहिलं. आज पंधरा शतांश सोडले तर उद्या पाऊणवाला येईल, त्याचे १०१.१४. त्याला कुठल्या तोंडानं काढू? पोरगा बाद झाला. दुसऱ्याची प्रोटेस्टची फी परत मिळाली, वर चषक. हस्तांदोलन करायला तो माझ्याकडे आला तेव्हा मी मुद्दाम गेज पुसत बसलो.

संध्याकाळी पोरगा ब्लॉक परत न्यायला आला. चिडलेला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. "मापाचा कागद द्या काका, आमच्या मिस्त्रीला दाखवतो." लिहून दिला. घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "पुण्यात पाव पिस्टन मिळंल का?"

एकदा अर्ध्याला कापलेल्या बोअरमध्ये पाव खुळखुळेल. आता लायनरच, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, बदलावा लागेल, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "किती घेता?"