आठशे धुतली अन् दोन तास वॉशिंग सेंटरवर बसलो

आमच्याकडं १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलेलं, पाझरलेल्या ऑइलवर काळ्या रानाची धूळ बसून बसून इंजिनवर पेंडीसारखा थर चढलेला. पॅकिंग बदललं तर मिस्त्री म्हणला एकदा धुवून घ्या, म्हणजे परत कुठून गळायलंय का ते कळंल.

म्हणून गेलो लातूरमधल्या एका वॉशिंग सेंटरला. पोराला म्हणलं बाबा डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना करंट वाटतो तो) पिशवी बांध, तर म्हणतोय, "काका काई होत नाई, रोज धा गाड्या धुतो." अन् गरम इंजिनवरच प्रेशर मारलं की सगळं! चकाचक झालं, पैसे आधीच घेतले, अन् सेल्फ मारला तर नुसतं घुर्रर्र घुर्रर्र. पोरगा म्हणतोय बॅटरी उतरलीय. उतरली नव्हती, याच्या सेल्फ मारण्यानं मात्र उतरली. मग धक्का. मागं गाड्यांची लाइन, हॉर्न, मालक फोनवर. दीड तासानं मीच डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली तर आत थेंबच थेंब, करंट जाईल कसा? कापडानं पुसली, प्लगच्या खड्ड्यातबी पाणी साचलेलं. अन् हवेचा पाइप दोन हातावर लटकलेला, एवढा वेळ कुणाला सुचलं नाही. हवा मारली, दुसऱ्या गाडीवरनं जंप दिला, गाडी चालू. मालक म्हणला, "बघा, म्हणलं होतं ना काई होत नाई."

पुढच्या वेळी घरीच धुतली, गार इंजिनवर. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, कॉइल, एअर फिल्टरचं तोंड, सगळ्याला पिशव्या. डिग्रीजर (तेलकट मळ सोडवणारं औषध) मारून दहा मिनिटं थांबायचं, जुन्या ब्रशनं घासायचं, मग मगानं हळूहळू पाणी, दीड बादलीत भागतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, इथं नळी सोडून बसायला जीव होत नाही. डिझेलनं घासू नका, बेल्ट अन् रबरी पाइप फुगतात. हां, अन् सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, हे मी वरच लिहायला पाहिजे होतं. टोपीवरच्या वायरी काढायच्या असतील तर आधी फोटो काढून ठेवा, एक जरी इकडची तिकडं लागली की गाडी फटफट करत बसती.

परवा बॉनेट उघडलं, तर डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ऑइलचा ताजा थेंब. आता त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग, गेलीय म्हणे.