कार्गो सायकलच्या पेटीतली मुलांची सीट: बनवणे आणि विकणे

कार्गो सायकलच्या, म्हणजे सामान वाहण्यासाठी बनवलेल्या सायकलच्या, पेटीत बसवायच्या मुलांच्या सीट मी हाताने बनवते आणि विकते. ज्यांना हे काम सुरू करावेसे वाटते, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा लाकूड कोणते, पॉलिश कोणते, गादीला कापड कोणते येथून सुरू होतात. हे प्रश्न विचारावेतच, पण सर्वांत शेवटी. आधी हे ठरायला हवे, की चालकाने करकचून ब्रेक दाबल्यावर मुलाचे वजन पुढे झेपावते तेव्हा ते पट्ट्यातून कशात जाते, तिथून पुढे कशात जाते आणि अखेर सायकलच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते. ही वाट बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर आपण एक देखणा बाक बनवला आहे एवढेच म्हणता येईल.

कार्गो सायकलींचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. १९२० च्या दशकात डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या ‘लाँग जॉन’ पद्धतीत सामानाची जागा हँडल आणि पुढचे चाक यांच्यामध्ये असते आणि ते चाक एका लांब दांड्याच्या साहाय्याने वळते. कोपनहेगनमधल्या ख्रिश्चानिया वस्तीतून १९८० च्या दशकात पुढे आलेल्या तीनचाकीत पेटी पुढच्या दोन चाकांच्या मध्ये असते. तिसऱ्या प्रकारात मागचे कॅरिअर लांबवलेले असते आणि मुले चालकाच्या मागे बसतात. मी पहिल्या दोन प्रकारांसाठीच सीट बनवते. मागच्या कॅरिअरवरच्या सीटची मागणी सर्वांत जास्त येते आणि ती मी दर वेळी नाकारते. पुष्कळांना हा माझा हट्ट वाटतो, म्हणून त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

कॅरिअरवर बसलेले मूल चाकाच्या वर, उंचावर असते आणि त्याचे पाय फिरत्या आऱ्यांच्या शेजारी असतात. आऱ्यांत पाऊल अडकणे ही सायकलवर मागे बसणाऱ्या मुलांना होणाऱ्या इजांची जुनी आणि परिचित तऱ्हा आहे. सायकल आडवी झाली, तर जमिनीवर आधी सीट आपटते. म्हणजे पाऊल आवरणे, पाठ आणि बाजू सांभाळणे, कॅरिअरला घट्ट धरून राहणे आणि पडल्यावर मार सोसणे, ही सगळी कामे एकट्या सीटने करायची असतात. अशा सीटसाठी युरोपात ईएन १४३४४ हे मानक आहे. साधारण ९ ते २२ किलो वजनाची मुले गृहीत धरून त्यात सीटच्या चाचण्या ठरवल्या आहेत. त्या चाचण्यांना लागणारी यंत्रे माझ्या कार्यशाळेत नाहीत. त्यामुळे कॅरिअरसाठी कारखान्यातून चाचणी होऊन आलेली सीटच घ्यावी, असे मी विचारणाऱ्याला सांगते. पेटीत मात्र कामाची वाटणी होते. पाऊल आवरण्याचे आणि बाजूचा मार सोसण्याचे काम बऱ्याच अंशी पेटी करते, बसण्याची उंचीही कमी असते आणि सीटकडे मुख्यतः एकच काम उरते: मुलाला पेटीच्या आत, आहे त्या जागी धरून ठेवणे.

हे ‘पेटीच्या आत’ वाटते तितके सोपे नाही. मुलाला बाहेरचे दिसावे म्हणून सीट उंच करा, अशी आई-वडिलांची हमखास सूचना असते. पण सीट जितकी उंच करावी, तितके मुलाचे डोके पेटीच्या काठाच्या वर येते, आणि सायकल उभ्या उभ्या कलंडली तरी काठाबाहेर आलेले डोके आधी जमिनीकडे जाते. म्हणून सीटची उंची मी पेटीच्या काठावरून खाली मोजत येते, आणि मुलाचे खांदे काठाच्या खालीच राहतील हे पाहते. तीनचाकीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जी तीनचाकी वळणावर आतल्या बाजूला झुकू शकत नाही, तीत बसलेले मूल वेगात वळताना बाहेरच्या बाजूला फेकले जाते. तिथे खांद्याच्या पट्ट्यांइतकेच कमरेजवळच्या बाजूच्या आधाराला महत्त्व आहे.

आता जोराचा हिशेब. कोरड्या रस्त्यावर कसून ब्रेक दाबला, तर सायकलचा वेग साधारणपणे गुरुत्व त्वरणाच्या निम्म्या दराने कमी होतो असे धरू. म्हणजे २० किलो वजनाचे मूल पट्ट्यावर सुमारे १० किलो वजनाइतका जोर देते. लांब, बुटक्या कार्गो सायकली पुढच्या चाकावरून सहसा उलटत नाहीत, त्यामुळे त्यांत हा जोर थोडा जास्तही होऊ शकतो. पण एवढे तर बाजारातला कोणताही पट्टा सहज पेलतो. खरा फरक धडकेत पडतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली सायकल अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर सरासरी जोर वजनाच्या साधारण ३ पट भरतो. पाव मीटरमध्ये थांबली तर ६ पट. तेच २० किलोचे मूल त्या क्षणी १२० किलोच्या ओझ्यासारखे पट्ट्याला ओढते, आणि ही नुसती सरासरी झाली, क्षणिक झटका याहून मोठा असतो. एका बाकावर दोन मुले असतील तर हा हिशेब दुप्पट होतो. याच्या जोडीला रोजच्या खडबडीत रस्त्याची थरथर असते, जी एकही बोल्ट न तोडता सगळे नट हळूहळू सैल करते. माझ्या अनुभवात दुरुस्तीला येणाऱ्या सीट धडकेने मोडलेल्या क्वचितच असतात. थरथरीने ढिल्या झालेल्या आणि पाण्याने फुगलेल्याच जास्त.

या हिशेबामुळे मी एक नियम केला आहे आणि तो कोणत्याही ग्राहकासाठी मोडत नाही: पट्टा बाकाला बांधायचा नाही. तो बाकातून आरपार खाली नेऊन पेटीच्या तळाशी, आणि शक्य तिथे थेट सांगाड्याच्या धातूला धरायचा. बाक मोडला तरी पट्टा जागेवर राहिला पाहिजे. पेटीचा तळ प्लायवूडचा असेल, तर तळाच्या खालच्या बाजूने धातूची रुंद पट्टी देऊन त्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट काढते, म्हणजे जोर एका भोकाभोवती न एकवटता पट्टीभर पसरतो. पट्ट्याचा जोर ज्यावर येणार तिथे लाकडी स्क्रू वापरू नये. प्लायवूडच्या कडेत घुसवलेला स्क्रू तर थरांना फाकवून स्वतःहूनच सुटतो. नट आत नायलॉनचे कडे असलेले घ्यावेत आणि एकदा काढलेला नट पुन्हा न वापरता नवा लावावा. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात जात असेल, तर मध्ये ग्रीस किंवा प्लास्टिकची चकती हवी, कारण या दोन धातूंमध्ये खारट पाणी शिरले की ॲल्युमिनियम गंजून खाल्ले जाते.

बाकासाठी मी बर्चचे १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड वापरते. या प्लायवूडची कड पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषून घेते, आणि नवशिक्याच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पाडलेले प्रत्येक भोक ही एक नवी कडच असते. म्हणून बोल्टसाठीचे भोक मी आधी हवे त्यापेक्षा बरेच मोठे पाडते, ते एपॉक्सीने, म्हणजे दगडासारख्या कडक होणाऱ्या गोंदाने, पूर्ण भरते, ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचे भोक पुन्हा पाडते. नावा बांधणारे ही युक्ती वापरतात. अशा भोकात लाकूड कुठेच उघडे राहत नाही आणि बोल्ट कितीही आवळला तरी थर दबत नाहीत. पट्टा जाण्याच्या खाचेला याहून जास्त वेळ लागतो. खाचेच्या दोन्ही तोंडांची धार कानशीने आणि नंतर पॉलिश पेपरने इतकी गोल करावी लागते, की पट्टा तिच्यावर घसरेल पण कापला जाणार नाही. तयार खाचेत मी पट्ट्याचा एक तुकडा घालून बराच वेळ मागेपुढे ओढते. त्याच्या कडेला जरासे जरी तंतू सुटलेले दिसले, तरी खाच पुन्हा घासायला घेते.

पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉनचा पट्टा हाताला मऊ लागतो आणि ताकदीलाही कमी नसतो, पण भिजला की पाणी शोषून लांबतो आणि उन्हाने लवकर कमजोर होतो. पेटी ही तर उन्हापावसातच उभी असायची. शिवण बॉन्डेड, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवलेल्या, पॉलिएस्टर धाग्याची असावी. सुती धागा आतून कुजतो आणि वरून कळत नाही. मी धागा मुद्दाम पट्ट्याच्या विरुद्ध रंगाचा घेते, कारण एखादा टाका तुटला तर आई-वडिलांना तो दुरूनही दिसावा. बकल स्वतः बनवण्याच्या फंदात कोणी पडू नये. ज्याची भार पेलण्याची क्षमता उत्पादकाने लेखी दिली आहे, असे बकल विकत घ्यावे. ते मोठ्या माणसाला एका हाताने उघडता आले पाहिजे, आणि चिमुकल्या बोटांना मात्र सहज उघडता येता कामा नये; या दोन्ही अटी पुऱ्या करणारी बकले फार थोडी आहेत. जुन्या मोटारीतून काढलेला पट्टा आणि बकल घालून द्या, अशी विनंती अधूनमधून येते. त्या पट्ट्याने आधी काय सोसले आहे हे कोणालाच माहीत नसते, त्यामुळे मी ती स्वीकारत नाही.

पाठीचा भाग कापताना मोजमाप नेहमी हेल्मेट घातलेल्या मुलाचे घ्यावे. हेल्मेट डोक्याच्या मागे बरेच बाहेर येते. पाठ वरपर्यंत सरळ सपाट ठेवली, तर हेल्मेट तिला टेकते, मान पुढे ढकलली जाते, हनुवटी छातीला लागते, आणि झोपलेल्या मुलाच्या बाबतीत ही स्थिती श्वासालाही अडचणीची ठरते. म्हणून खांद्यांच्या वरची पाठ मी मागे सरकवून घेते, किंवा तिथे हेल्मेट मावेल असा खोलगट भाग सोडते. खांद्याच्या पट्ट्यांच्या खाचा खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर असाव्यात. मूल वाढत असल्यामुळे एकावर एक अशा निदान तीन जोड्या तरी ठेवाव्यात. गादीसाठी पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम वापरावा. नेहमीचा मऊ फोम एका पावसात भिजतो आणि मग आठवडाभर ओला राहतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी मी काहीही बनवत नाही. इतक्या लहान बाळांना सायकलवर नेऊ नये, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, आणि तो मला पटलेला आहे.

विक्रीबद्दल बोलायचे, तर आपल्या मुलासाठी सीट बनवणे आणि अनोळखी मुलासाठी बनवणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि वस्तू हाताने बनवलेली आहे ही सबब फारशी कुठे चालत नाही. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमांनुसार लहान उत्पादकालाही धोक्यांचे लेखी विश्लेषण आणि तांत्रिक कागदपत्रे तयार ठेवावी लागतात, आणि वस्तूवर ओळख क्रमांक, आपले नाव व पत्ता द्यावा लागतो. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंच्या रंगात शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा आणि इतर भागांत १०० भागांपेक्षा जास्त चालत नाही. आपण लावतो ते वार्निश आणि रंग यांची माहितीपत्रके म्हणूनच मागून घ्यावीत. कार्गो सायकलींसाठी जर्मनीत २०२० मध्ये डीआयएन ७९०१० हे मानक आले आणि आता युरोपात ईएन १७८६० ही मालिका तयार झाली आहे. आपण विकतो त्या ठिकाणी ती बंधनकारक असो वा नसो, मुलांना नेण्याविषयीचा भाग वाचून काढलाच पाहिजे. ‘सर्व जबाबदारी माझी’ असे ग्राहकाकडून लिहून घेण्यावर काही जण विसंबतात. इजा झालेले मूल त्या कागदावर सही करत नसते, एवढे ध्यानात घेतले तरी त्या कागदाचे मोल कळते. त्यापेक्षा उत्पादन दायित्वाचा विमा घ्यावा आणि त्याचा हप्ता किमतीत उघडपणे धरावा.

किमतीचेच बोलायचे, तर कापणे आणि जोडणे यांत जातो त्यापेक्षा जास्त वेळ मापे आणि पत्रव्यवहार यांत जातो, हे नव्याने उतरणाऱ्याने गृहीत धरावे. पेटीच्या भिंती तिरप्या असतात, त्यामुळे तळाची आणि काठाची अशा दोन्ही रुंदी मागवाव्या लागतात. तळाखालचे बोल्ट कुठे आहेत हे छायाचित्राशिवाय कळत नाही, आणि पेटी किती भार पेलते हे उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते. प्रत्येक नव्या रचनेची एक सीट ताणून मोडण्यासाठीच बनवावी. मी ती पक्क्या चौकटीला बांधून पट्टा साखळीच्या कप्पीने ओढते, मध्ये वजनकाटा अडकवते, आणि आधी काय सुटते ते पाहते. यातून प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळत नाही, परंतु आपली रचना कुठे कच्ची आहे हे समजते. मोडलेल्या या सीटचा खर्च उरलेल्या सीटवर पडतो आणि तो पडू द्यावा.

प्रत्येक सीटखाली क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे पट्ट्याचे भेंडोळे, बकलचा गट, बोल्टची खरेदी यांची नोंद असते. एखाद्या गटातली बकले खराब निघाली, तर कोणाकोणाला कळवायचे हे त्यावरून लगेच काढता येते. सायकल विकली की सीट तिच्याबरोबर दुसऱ्या घरी जाते, म्हणून वजनाची मर्यादा आणि धडकेनंतर पट्टे बदलण्याची सूचना कागदावर न देता बाकाच्या खालच्या बाजूला पक्की छापलेली असते. बसवून दिल्यावर मी प्रत्येक नट आणि त्याखालची पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढते. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे पान्याशिवायही समजते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर ऋतू बदलताना ही रेघ पाहावी, असे मी ग्राहकाला सांगते. तुटलेली आढळली, तर जुना नट आवळत न बसता नवा लावावा, आणि त्यासाठी लागणारे चार जादा नट सीटच्या पिशवीत घालूनच पाठवते.