झील धरणारी माणसं

आमच्या पहिल्या गॅदरिंगला एकवीस माणसं होती. त्यातले नऊ खेळणारे, एक हॉलचा शिपाई आणि बाकी सगळे आमच्याच घरचे. गॅदरिंग हा शब्द आमचा. कापोएरा म्हणजे गाण्या-वाजवण्याच्या ठेक्यावर, नाचल्यासारखा खेळायचा ब्राझीलचा लढतीचा खेळ. त्यात याला बातिझादो म्हणतात, म्हणजे थोडक्यात बारसंच. नवीन पोराला कमरेला पहिली दोरी मिळते, टोपणनाव मिळतं, आणि त्याआधी एखादा जुना खेळाडू त्याला सगळ्यांदेखत जमिनीवर पाडतो. कोल्हापुरात हे समजावून सांगायला फार कष्ट पडले नाहीत. कोण पडलं आणि कुणी पाडलं एवढं कळलं की बाकीचं लोक ऐकून घेतात.

ज्या दादानं हे सुरू केलं तो मुंबईत नोकरीला असताना शिकला आणि इकडे परत आल्यावर रंकाळ्याजवळच्या एका मोकळ्या जागेत संध्याकाळी एकटाच हातापायांवर उलटा-सुलटा व्हायला लागला. ब्राझीलचा खेळ म्हटल्यावर दोन-तीन पोरं फुटबॉल समजूनच आली. वर्ल्डकपला निम्मी गल्ली पिवळी आणि निम्मी निळी-पांढरी होणारं आमचं गाव, त्यांचं काय चुकलं? माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याला सोडायचं आणि तासभर कट्ट्यावर बसायचं, असं पाच महिने केलं. मग एक दिवस कंटाळून चप्पल काढली आणि शेवटच्या ओळीत उभी राहिले. जिंगा म्हणजे झुलत मागे-पुढे पाय टाकायची ती मूळ चाल, ती मला जमायला त्याच्या तिप्पट दिवस लागले. मुलगा अजून ऐकवतो.

पहिल्या वर्षी दोऱ्या मागवायला पैसे नव्हते. सुती दोर आणून मी आणि आणखी एका आईनं घरीच पातेल्यात हिरवा रंग उकळला. मीठ घालायचं विसरलो की रंगच कच्चा होता, देव जाणे. नऊच्या नऊ जणांच्या पांढऱ्या पँटी घामानं कमरेपासून गुडघ्यापर्यंत हिरव्या झाल्या. फोटोत सगळे शेवाळावरून घसरल्यासारखे दिसतात. ते पातेलं अजून आमच्या गच्चीवर आहे, त्यात आता कोरफड लावलीय.

दुसऱ्या वर्षी शाळेचा हॉल मागायला गेलो तर मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे मान्यताप्राप्त आहे का?" दादानं शांतपणे सांगितलं, "सर, 2014 साली युनेस्कोनं दिलीय." हॉल मिळाला. कार्यक्रमाची सुरुवात अर्थातच शाहू महाराजांच्या प्रतिमापूजनानं, त्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. शेजारी आम्ही कापोएरातले दोन मोठे गुरू, मेस्त्रे (म्हणजे वस्तादच) बिंबा आणि मेस्त्रे पास्तिन्या यांचे फोटो ठेवले होते, तेच झेंडूचे हार घालून. पाहुणे आले, महाराजांना नमस्कार केला, मग त्या दोघांनाही केला आणि हळूच दादाला विचारलं, "हे कुठल्या पेठेतले वस्ताद?"

आम्ही हसलो, पण प्रश्न मला आवडला. शाहू महाराज गादीवर आले 1894 ला. तिकडे ब्राझीलमध्ये 1888 ला गुलामगिरी संपली आणि दोनच वर्षांत, 1890 च्या दंडसंहितेत, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या त्या माणसांचा हा खेळ रस्त्यात खेळणं तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा ठरला. इथं 1912 ला खासबागेत कुस्तीसाठी मैदान उभं राहत होतं, तिकडे खेळणारे पोलिसांना चुकवत होते. बिंबांना तिकडच्या साल्वादोर शहरात आपली शाळा काढायला 1932 उजाडलं, पास्तिन्यांना 1941. राजाश्रय मिळालेला खेळ आणि सरकारनं हाकललेला खेळ, दोघांचे हार एकाच फुलवाल्याकडचे. तेव्हापासून ते दोन फोटो दरवर्षी महाराजांच्या शेजारीच असतात.

सगळ्यात मोठी अडचण होती बेरिंबावची. धनुष्यासारखं वाद्य, एक तार आणि खाली भोपळा. तीन लागतात, आणि त्यातला सगळ्यात खर्जातला, गुंगा, खेळ चालवतो. आमच्याकडे एकच होता आणि तोही तडकलेला. शेवटी दादा मिरजेला गेला. तिथं सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांकडे भोपळ्यांची रास असते. तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, लहान राहिलेले कोपऱ्यात पडून असतात. त्यातले चार त्यांनी असेच दिले, वर तोंड कसं कापायचं तेही दाखवलं. तार जुन्या टायरच्या कडेतून सोलून काढली. ब्राझीलमध्येही अशीच काढतात, हे ऐकून पंक्चरवाल्याला फार बरं वाटलं. काठीला वेळू. हातात धरायचा खुळखुळा, काशिशी, एका बुरुड मावशींनी फोटो बघून विणला आणि आत गुंजा भरल्या. तारेला नाणं टेकवायचं, छडी मारायची आणि भोपळा पोटाशी लावायचा-सोडायचा. पोटाशी लावला की आवाज मिटतो, सोडला की उघडतो. पहिल्यांदा माझ्या हातात तो उघडला तेव्हा बोटाखालचं नाणं झणझणलं आणि करंगळीला फोड आला. सगळा भार त्या एका करंगळीवर असतो.

वाद्यं झाली, खेळणारे झाले, तरी पहिली दोन वर्षं गॅदरिंग कसं कोरडं जायचं. कारण कापोएरात गाणारा एक ओळ म्हणतो आणि रिंगणातल्या सगळ्यांनी उत्तर द्यायचं असतं. आमच्याकडे दादा जीव तोडून गायचा आणि उत्तराला आम्ही नऊजण, त्यातले दोघे कायम खेळात आणि एक धापा टाकत. पालक खुर्च्यांवर बसून मोबाईलनं शूटिंग करायचे.

तिसऱ्या वर्षी सासूबाई आल्या. नातवाला नवी दोरी मिळणार म्हणून आल्या होत्या, माझ्या पँटीकडे त्यांनी अजून नीट बघितलेलं नव्हतं. त्या आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पंचवीस वर्षं गातात. थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाल्या, "अगं, पोरगं एकटंच गातंय की. झील धराय कोण न्हाई व्हय?"

झील! इतके दिवस आम्ही त्याला कोरस म्हणत होतो. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दोनदा ओळ ऐकली आणि तिसऱ्यांदा टाळी देऊन उचलली. पोर्तुगीज शब्दांचं त्यांच्या तोंडी काय झालं ते विचारू नका, पण ठेका केसभर हलला नाही. त्यांच्या मागून त्यांच्या दोन मैत्रिणींनी उचलली, मग शिपायानं. दादाचा आवाज एकदम मोकळा झाला. रिंगणातली दोन पोरं इतका वेळ लाजत खेळत होती, ती अशी काही फिरायला लागली की पुढच्या रांगेनं खुर्च्या मागे घेतल्या. माझ्या लेखी आमचं मंडळ त्या संध्याकाळी सुरू झालं.

पुढच्या वर्षी एका तालमीतले वस्ताद आले. खेळाच्या रिंगणाला रोदा म्हणतात, उच्चार मात्र होदा. ते म्हणाले, "मग सोपं आहे, आमचा कुस्तीचा हौदा." एकानं खाली बसून रास्तेरा मारला, म्हणजे पाय फिरवून समोरच्याचा पाय काढला, तेव्हा ते गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "टांगच की ही! नाचून मारत्यात एवढंच." पण त्यांना खरं आवडलं ते वेगळंच. खेळण्याआधी दोघं बेरिंबावच्या पायाशी उकिडवे बसतात, हात जमिनीला लावतात. वस्ताद ते प्रत्येक जोडीला बघत होते.

2019 ला ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात आली आणि आमचं गॅदरिंग राहिलं. हॉलमध्ये पूरग्रस्त होते, आमची पोरं तिथं भाकऱ्या वाटत होती. 2020 ला व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला. टाळी प्रत्येकाच्या घरून वेगळ्या वेळी यायची, सासूबाईंनी वैतागून फोन उलटा ठेवला.

मग एका वर्षी खुद्द साल्वादोरचे एक मेस्त्रे मुंबईला आले होते, ते आमच्याकडे दोन दिवस राहिले. तांबडा रस्सा त्यांनी वाटीला तोंड लावून प्यायला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी रंकाळ्यावर खेळ रंगला तशी पोलिसांची गाडी थांबली. मेस्त्रेंनी मिशीत हसत बेरिंबाववर घोड्यांच्या टापांसारखा ठेका धरला. तो कावालारिया, घोडेस्वार पोलीस आले की सावध करायचा जुना इशारा. आम्ही सगळे हसून फुटलो. हवालदार बिचारे, ठेका आवडला म्हणून पाच मिनिटं उभे राहिले.

जाताना मेस्त्रेंनी विचारलं, त्या आजींना दोरी का दिली नाही? आजी खेळत नाहीत, असं आम्ही म्हटलं. ते म्हणाले, मग मघाशी काय करत होत्या?

आता गॅदरिंगला दीडशे माणसं होतात, रात्री सगळी वरात दूध कट्ट्यावर जाते आणि दोऱ्या रेडीमेड येतात. सासूबाईंना मांडी घालता येत नाही, म्हणून त्यांची खुर्ची गुंगाच्या उजव्या हाताला असते. गुंगा सध्या माझा मुलगा वाजवतो. रंगात आला की लय पळवायची सवय आहे त्याला. मग त्या नुसती टाळी जरा जड मारतात, आणि तो खाली बघून लय आवरतो.