वाडीत सी व्ह्यू

आज दिवेआगर. मोदक इतके हाणले की जेवणानंतर खोली देणाऱ्या काकूंच्या सुपारीच्या वाडीत (बागेत) चक्कर मारणं भागच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं. "सकाळी वाडी होती, संध्याकाळी घरातून थेट समुद्र! लोक सी व्ह्यूचे जादा पैसे मोजतात, आम्हाला फुकट मिळाला," काकू हसत म्हणाल्या. मला काही हसता आलं नाही.

नव्याने लावलेली सुपारी आत्ता कुठे धरतेय. काही झाडांना पहिलेच शिंपुटे, म्हणजे सुपारीचे घड, लागलेत, बोटभर हिरवे. एवढी वर्षं घर चाललं ते पाहुण्यांच्या खोल्यांवर. पण अरबी समुद्र तापतोय, वादळं जोर धरताहेत आणि येतात ती नेमकी आपल्या सुट्टीत: २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय. दोन्ही शेवटी गेली गुजरातला, पण इशारा आला की इथली बुकिंगं धडाधड रद्द. वर ॲडव्हान्ससाठी हुज्जत, ती वेगळीच.

काकूंचं म्हणणं साधं आहे: रद्द करू नका हो, तारीख पुढे ढकला. कुणाला जायचं असेल तर नंबर देतो, इनबॉक्समध्ये या.