आधी पार्किंग, मग मेनूकार्ड

मोटरहोममध्ये, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत, गॅस आहे, फ्रीज आहे, सिंक आहे, मग बाहेर जेवायचं कशाला, असं घरचे हमखास विचारतात. नव्या ठिकाणचं खाऊन बघायचं असतं हे तर आहेच, पण दुसरं कारण पाण्याचं, ते कोणी बोलतच नाही. मध्यम आकाराच्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी साधारण १०० लिटरची, सांडपाण्याचीही जवळपास तेवढीच, आणि एकदा साग्रसंगीत स्वयंपाक केला की भांडी घासण्यातच त्यातलं केवढं तरी जातं. त्यामुळे दिवसातून एकदा बाहेर जेवलं की टाकी भरायची आणि रिकामी करायची पळापळ जरा पुढे ढकलली जाते. (टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढून रिकामी करायची टाकी, तीही जेमतेम १८-२० लिटरची असते, तेव्हा रेस्टॉरंटमधून निघताना सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं, लाजायचं काय त्यात, जेवलोय ना तिथे!)

आता रेस्टॉरंट कसं निवडायचं, तर मी रेटिंग नंतर बघते, आधी पार्किंग. ७ मीटर लांब आणि ३ मीटरच्या आसपास उंच गाडी घेऊन गावाच्या मध्यात शिरायचं म्हणजे डोक्याला ताप, कारसाठी आखलेली जागा ५ मीटरची असते आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये उंचीची मर्यादा बरेचदा २ मीटरच्या जरा वर, म्हणजे आपला विषयच संपला. वर मागच्या चाकांच्या मागे गाडीचा लांबलचक भाग असतो, वळताना तो उलट्या बाजूला फिरतो, शेजारच्या गाडीचा आरसा तिथेच जातो. म्हणून मी मॅप उघडून सॅटेलाइट व्ह्यूमध्ये आधी बघते की बाहेर मोकळी जागा आहे का, आत जायचा रस्ता किती रुंद आहे, झाडं किती खाली आलीयत. नसेल जागा तर सरळ गावाबाहेर गाडी लावायची आणि चालत जायचं. खरं तर हेच जास्त बरं पडतं, कारण चालताना जी छोटी जागा दिसते, दारात फळ्यावर हाताने लिहिलेले चारपाच पदार्थ, आत आजूबाजूला काम करणारी माणसं जेवतायत, ती गाडीतून कधीच दिसत नाही. पाच भाषांतलं फोटोवालं जाडजूड मेनूकार्ड दिसलं की मी पुढे चालू लागते, हा माझा पूर्वग्रह आहे आणि तो मी सोडणार नाहीये.

माहिती विचारायची तर पंपावर किंवा कपडे धुवायला जातो त्या लाँड्रीत. प्रश्न मात्र "इथे चांगलं काय मिळतं" असा नाही, "तुम्ही स्वतः कुठे जेवता" असा विचारायचा, उत्तर एकदम वेगळं येतं.

आणि शक्यतो दुपारीच. बऱ्याच ठिकाणी दुपारचा ठरलेला मेनू रात्रीपेक्षा स्वस्त असतो, निघताना उजेड असतो, अरुंद रस्त्यावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली तरी कोणीतरी मागे उभं राहून हात दाखवू शकतं. फक्त दुपार आणि रात्र यांच्यामध्ये किचन बंद ठेवणाऱ्या जागा खूप, आणि साप्ताहिक सुट्टीही असते, तेव्हा आधी फोन केलेला बरा.

रात्री जेवायचंच असेल तर काही रेस्टॉरंटवाले जेवणाऱ्या गिऱ्हाइकांना पार्किंगमध्ये रात्रभर थांबू देतात, पण ते बसण्याआधी विचारायचं, बिल देताना नाही. ड्रायव्हरने तिथेच झोपायचंय म्हणून पिण्याआधी तिथला कायदा बघावा, काही देशांत थांबलेल्या गाडीत चावी घेऊन बसलेला माणूसही गुन्ह्यात अडकू शकतो.

उरलेलं पार्सल घेतलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, कडक उन्हाळा असेल तर तासाभरातच. पण गाडीतला फ्रीज छोटा, गच्च भरला की आत हवा फिरत नाही आणि गारवा पकडत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच हात आखडता घ्यायचा, तेही मुलं सोबत असली की जमेलच असं नाही.