मी काढून टाकलेला थर

जानेवारीतल्या त्या सकाळी साडेसात वाजता मी गॅरेजचे शटर वर केले, तेव्हा बाहेर एक करड्या रंगाची छोटी हॅचबॅक उभी होती. तिच्या बॉनेटच्या फटीत उसाचे पाचट अडकलेले होते, डाव्या बाजूचा आरसा तुटून वायरीवर लोंबत होता आणि पुढच्या काचेवर डावीकडे एक लांब ओरखडा उमटला होता. गाडीशेजारी उभ्या असलेल्या ताईंना मी ओळखत होतो. त्या कराडमधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि दुपारपाळी संपवून रात्री उशिरा ढेबेवाडी रस्त्याने एकट्याच गाडी चालवत आपल्या गावी जातात. माझे गॅरेज मलकापूरला, ढेबेवाडी फाट्याजवळ असल्यामुळे गाडीचे किरकोळ काम त्या माझ्याकडेच करून घेतात.

आदल्या रात्री विंग गाव मागे टाकल्यावर रस्त्याच्या डाव्या कडेने उसाची जोडट्रॉली चालली होती. मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टीही नव्हती. ताईंना ती दिसली तेव्हा अंतर इतके कमी उरले होते, की ब्रेक दाबून गाडी उजवीकडे घेईपर्यंत ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे शेंडे बॉनेटवरून आणि काचेवरून खरडत गेले. समोरून त्या वेळी दुसरे वाहन आले नाही, म्हणून त्या बचावल्या. हे सारे त्यांनी शांतपणे सांगितले, पण शेवटचे वाक्य बोलताना त्यांचा आवाज बदलला. ‘‘दादा, दिवे लागलेले होते हो. डिपरवर काही दिसेना म्हणून अपर मारला, तर समोर नुसतं धुकं पेटल्यासारखं झालं.’’ डिपर म्हणजे दिव्याचा जवळ, खाली पडणारा झोत आणि अपर म्हणजे लांबवर जाणारा.

मी खाली बसून दिवे पाहिले. दोन्ही दिव्यांचे पुढचे आवरण पिवळट, दुधाळ झाले होते आणि वरच्या भागात, जिथे ऊन सर्वांत जास्त पडते, तिथे त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. मला जे आठवत होते ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी मी वही उघडली. दीड वर्षापूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती : ‘हेडलाइट पॉलिश, ४०० रुपये.’ काम पाऊण तासात झाले होते, दिवे नव्यासारखे चकाकले होते आणि ताई आनंदाने गाडी घेऊन गेल्या होत्या. मग अवघ्या दीड वर्षात हे दिवे आधीपेक्षाही वाईट कसे झाले, याचे उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होते आणि ते उत्तर माझ्याकडेच बोट दाखवत होते.

मी उमेदवारी केली त्या काळात पद्मिनी आणि अँबेसिडर गाड्या कामाला येत. त्यांच्या गोल दिव्यांना खरी काच असे. ती फुटली तर फुटली, पण उन्हाने पिवळी पडत नसे. नंतरच्या गाड्यांच्या दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असते. ते वजनाला हलके, हव्या त्या वळणात ओतता येणारे आणि खडा लागला तरी सहजी न फुटणारे असते. मात्र त्याला ओरखडे चटकन पडतात आणि अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कठीण, पारदर्शक थर चढवलेला असतो. आपण दिवा पिवळा पडला म्हणतो, तेव्हा मुळात हा थर ठिकठिकाणी जळून, सोलवटून गेलेला असतो आणि त्याखालचे प्लॅस्टिक उघडे पडून खराब होऊ लागलेले असते.

दीड वर्षापूर्वी मी वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायच्या घासकागदाने घासताना, त्या थराचा जो चांगला भाग शिल्लक होता तोही काढून टाकला होता. तो काढावाच लागतो, कारण अर्धवट राहिलेल्या थरावर पॉलिश बसत नाही. चूक घासण्यात नव्हती. घासल्यानंतर नवा संरक्षक थर न चढवता गाडी परत देण्यात होती. क्लिअरचा, म्हणजे असा थर देणाऱ्या पारदर्शक लेपाचा, खर्च वाढतो, गाडी दिवसभर अडकते आणि गिऱ्हाइकाला चकाकी तर पाऊण तासातच दिसते, अशा हिशेबाने मी तेव्हा कित्येक गाड्या तशाच दिल्या होत्या. ताईंची गाडी रोज दुपारभर रुग्णालयाच्या उघड्या वाहनतळावर पश्चिमेकडे तोंड करून उभी असते. नागडे प्लॅस्टिक तिथे किती टिकणार होते?

मी ते त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी रागावण्याऐवजी एकच विचारले, की आता काय करता येईल. त्यांच्या भाच्याने एलईडी बल्ब टाकून घ्यायला सांगितले होते. मी नको म्हटले आणि तसे का, हेही समजावून सांगितले. या गाडीच्या दिव्यात एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते, त्यामुळे तारेचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि रस्त्यावर खालच्या बाजूला उतरतो. संपूर्ण परावर्तक त्या तारेच्या नेमक्या जागेभोवती बेतलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा प्रकाशस्रोत बसवला, की प्रकाश नको तिथे उधळतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. धुरकट आवरणाच्या मागे तो बसवणे तर आणखी वाईट, कारण धुरकट आवरण प्रकाश नुसता अडवत नाही, तो चहूकडे विखुरते. रस्त्यावर कमी पडलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याच डोळ्यांपुढे ताईंनी सांगितलेले ते पेटलेले धुके तयार होते. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१८ मध्ये चाचण्या करून सांगितले होते, की खूप धुरकट झालेला दिवा नव्या दिव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा उजेड देतो. हे मी पूर्वी वाचले होते, पण ते आकडे परक्या रस्त्यांवरचे म्हणून मनावर घेतले नव्हते.

ताई एसटीने कामावर गेल्या आणि मी कामाला लागलो. या वेळी वॉटर पेपरला हात लावण्याआधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर काढला, कारण आवरण कितीही खराब असले तरी उजवा दिवा डाव्यापेक्षा तांबूस का दिसतो, हे त्यातून उलगडत नव्हते. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी १३.९ व्होल्ट होते, डाव्या होल्डरपाशी १२.६ आणि उजव्या होल्डरपाशी फक्त ११.४. हॅलोजन बल्बचे गणित कठोर असते : व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. त्या हिशेबाने उजव्या बल्बला बॅटरीइतका दाब मिळाला असता तर जो उजेड पडला असता, त्याच्या निम्माच पडत होता आणि त्या निम्म्यातलाही बराचसा धुरकट आवरणात विरत होता. उजव्या बाजूच्या अर्थिंगचा, म्हणजे दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट गंजून हिरवा झाला होता. तो काढून, पत्रा उघडा होईपर्यंत घासून, नवे टोक बसवले, तेव्हा जवळजवळ एक व्होल्ट परत आला. उरलेली घट जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये होती. त्यासाठी बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर ओढून डिपर आणि अपर यांना स्वतंत्र रिले बसवले, म्हणजे स्विचमधून आता फक्त रिलेला जागवण्यापुरता प्रवाह जातो. शेवटी दोन्ही होल्डरांपाशी १३.५ च्या वर आकडा आला. बल्ब मात्र ६०/५५ वॉटचेच ठेवले.

उजवा होल्डर काढताना दुसरी गोष्ट उघड झाली. त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळल्यासारखे झाले होते. गाडी ताईंकडे येण्यापूर्वी कधीतरी तिथे १०० वॉटचा बल्ब चालवला गेला असावा, असा माझा अंदाज आहे. परावर्तकावर, बल्बच्या बरोबर वर, एका रुपयाच्या नाण्याएवढा काळपट डाग होता. परावर्तकावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका नाजूक असतो, की तो पुसायला गेले तर डागाऐवजी मुलामाच निघून येतो. आणि डिपरचा सारा प्रकाश त्याच वरच्या भागातून बाहेर पडतो. हा दिवा घासून उपयोग नव्हता. मी रुग्णालयात फोन करून ताईंना तसे कळवले आणि त्यांच्या होकारानंतर उजव्या बाजूचा नवा दिवा मागवला.

डाव्या दिव्याचा परावर्तक स्वच्छ होता, म्हणून तो पूर्णपणे हाताने करायचे ठरवले. दिवा गाडीतून बाहेर काढून धुतला आणि ४०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासायला सुरुवात केली. या पहिल्या पायरीवरच काम जिंकले किंवा हरले जाते, असे माझे ठाम मत आहे. घासताना आधी पिवळे, चिकट पाणी निघते. ते जुन्या थराचे आणि खराब झालेल्या प्लॅस्टिकचे असते. ते पांढरे होईपर्यंत पुढच्या पेपरकडे जायचे नाही. मागच्या वेळी मी इथेच घाई केली होती, कारण बारीक भेगा पॉलिशच्या तेलाने तात्पुरत्या बुजतात आणि दिवा चकाकतो. या खेपेस एका दिशेने, मग तिला आडव्या दिशेने घासत राहिलो, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पुरते गेले की नाही हे नजरेला कळते. त्यानंतर ६००, ८००, १०००. प्रत्येक पायरीला पाणी बदलले, कारण जाड पेपरचा एक कण जरी मागे राहिला तरी तो शेवटपर्यंत रेघ ओढत राहतो. अकरा वाजता सुरू केलेले घासणे संपायला दीड वाजला.

या टप्प्यावर दिवा मुद्दाम एकसारखा पांढुरका, धुक्यासारखा ठेवायचा असतो. पॉलिश मशीन लावून तो आरशासारखा केला, तर क्लिअरला धरायला जागा उरत नाही. शिवाय जास्त वेगाने एकाच ठिकाणी मशीन धरले, तर प्लॅस्टिक तापून कायमचे मऊ डाग पडतात. दिवा वाळवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि त्यानंतर त्याला बोटही लागू दिले नाही. पेट्रोल, थिनर, डास पळवणारा फवारा अशा उपायांनी दिवा पाच मिनिटांत चकाकल्याची चित्रे बरेच जण मला दाखवतात. ती द्रावके प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून सपाट करतात आणि काही आठवड्यांनी तिथेच भेगा उमटतात.

अतिनील किरणांना अडवणारे टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचे, क्लिअर ते कठीण करणाऱ्या हार्डनरसह कालवले, तोंडाला गाळणीचा मास्क बांधला, कारण हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते, आणि आधी अगदी झिरझिरीत पहिला हात मारला. क्लिअरमधल्या थिनरनेही उघड्या प्लॅस्टिकला भेगा पडू शकतात, म्हणून पहिला हात ओला होऊ द्यायचा नसतो. दहा मिनिटे थांबून दुसरा, भरलेला हात मारला. तो ओला थर पसरत जाताना पांढुरके धुके बाजूला होऊन आतला परावर्तक, बल्बचा टोकाचा ठिपका, स्क्रूच्या खाचासुद्धा स्पष्ट दिसू लागल्या. हे काम मी अनेक वर्षे करतो आहे, तरी तो क्षण पाहताना त्या दिवशी मला जे वाटले ते केवळ कारागिराचे समाधान नव्हते. जे मी काढून घेतले होते ते मी परत देत होतो.

दिवा उन्हात, धुळीपासून आडोसा करून ठेवला. तिन्हीसांजेला दोन्ही दिवे बसवले आणि मागच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी केली. चाकांची हवा बरोबर केली, चालकाच्या जागेवर मुलाला बसवले आणि दिव्यांच्या मध्याच्या उंचीची आडवी रेघ भिंतीवर ओढली. डिपरची वरची कड त्या रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली यावी, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर असा उतार मिळतो. आपल्याकडे डावीकडून चालायचे असल्यामुळे ही कड डाव्या अंगाला तिरकी वर चढते, ती रस्त्याची डावी कडा उजळावी म्हणूनच. ताईंची ट्रॉली त्याच कडेने चालली होती. उजव्या नव्या दिव्याची कड सुरीने कापल्यासारखी होती; डाव्याची तिच्याहून किंचित मऊ, पण तिरकी चढण अगदी स्पष्ट होती. सकाळी याच भिंतीवर नुसता पिवळा गोळा पडला होता.

रात्री दहाला ताई आल्या. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसून विंगच्या पुढपर्यंत गेलो आणि मुलगा मोटारसायकलने मागे आला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग डाव्या कडेला बांधावरून खाली उतरणारी एक पायवाट उजेडात आली, तशी त्या म्हणाल्या, ‘‘इथून वाट खाली जाते, हे मला आजच कळलं.’’

डाव्या दिव्याचे पैसे मी घेतले नाहीत. आठवडाभर गाडी धुऊ नका, एवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसलो आणि मागच्या तीन वर्षांत क्लिअर न मारता दिलेल्या गाड्यांची यादी केली. त्या एकतीस निघाल्या. एकेकाला फोन करून चूक सांगितली आणि फक्त क्लिअरच्या खर्चात काम पुन्हा करून देण्याचे कबूल केले. काहींनी गाडी विकली होती, काहींना फोन कशासाठी आला हे पटवून द्यावे लागले. आजवर एकोणीस गाड्या झाल्या आहेत. उरलेली यादी फोनशेजारी खिळ्याला लावलेली आहे आणि येत्या रविवारी उंडाळ्याहून एक जीप यायची आहे.