माटोळीला लागलेला हात

1999 सालच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या लाकडी चौकटीला, सुपारीचे शिपटे (घड) बांधले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, सकाळपासून ‘बाहेरची’ होते आणि हे मी कोणालाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर वर्षभर वाट पाहिलेल्या सणाला पडवीच्या कोपऱ्यात बसावे लागले असते. आजोबा स्टुलावर उभे राहून चौकटीला आंब्याचे टाळे अडकवत होते आणि मी खालून एकेक जिन्नस त्यांच्या हातात देत होते: चिबूड, तोरिंजन, आंबाडे, रानातून आणलेली माट्टीची फळे, लालभडक कवंडळे. शेवटचे शिपटे मात्र त्यांनी मलाच बांधायला लावले आणि गाठ ओढून पाहून “घट्ट बसली” म्हणाले.

आमच्या दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्यांना चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता, मग डोळे पिवळे झाले, लघवी कमी होत गेली आणि इस्पितळात त्यांचा अंत झाला. बाराव्याला आलेली आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “माटोळीला कुणाचा तरी हात लागला असणार.” तिने माझ्याकडे पाहिलेही नव्हते. नाव घेऊन आरोप केला असता तर कदाचित रडून, भांडून मी मोकळी झाले असते. पण त्या ‘कुणाचा तरी’ या शब्दांत मी स्वतःहून जाऊन बसले आणि पुढची बावीस वर्षे तिथेच बसून राहिले. लग्न झाले, मुलगी झाली, तरी घरात कोणी आजारी पडले की आपण कधी कुठे काय शिवलो, हे मी आठवू लागत असे.

2021 मध्ये शेताच्या वाटणीसाठी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, जुना उतारा शोधताना बाबांच्या पेटीत आजोबांचा इस्पितळाचा कागद सापडला. त्यावर लेप्टोस्पायरोसिस असे लिहिले होते. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरणारे हे जंतू पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात आणि बहुधा 5 ते 14 दिवसांनी ताप येतो. मी त्या वर्षीच्या तिथ्या काढून बसले. गोपाळकाल्याच्या दिवशी आजोबा शेतात फुटलेली मेर, म्हणजे बांध, बांधत होते. त्यांच्यासाठी पेज घेऊन मीच गेले होते आणि चिखलातून वर काढलेल्या त्यांच्या टाचेवरची चीर मी या डोळ्यांनी पाहिली होती. त्या दिवसापासून तापापर्यंत 12 दिवस होतात. माझ्या हाताने शिपटे बांधले तेव्हा आजार त्यांच्या अंगात शिरून नऊ दिवस उलटले होते.

बोटांवर मोजता येण्यासारखा हा हिशेब मांडायला मला बावीस वर्षे लागली, याचे दुःख मला अजूनही आहे. मावशीआजीवर मात्र राग धरता येत नाही. बालपणी विधवा झालेल्या त्या बाईला सासरी ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले गेले होते आणि लग्नकार्यात ती जन्मभर दाराआड उभी राहिली. कोणाच्याही मरणामागे कोणातरी बाईचा दोष असतो, हे तिला इतक्या लहानपणी शिकवले गेले होते की ते तिला पावसाइतके खरे वाटत असे. देवाविषयी मात्र मला आता वेगळे वाटते. 1560च्या सुमारास पोर्तुगीजांच्या भीतीने आमच्या मंगेशाला कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेले, तेव्हा जीव मुठीत धरून निघालेल्या त्या माणसांत बायका असतील, तर त्यांना दिवस विचारून कोणी मागे ठेवले असेल, असे मला वाटत नाही.

अपराधाची भावना त्या हिशेबाने गेली. भीती हिशेब मानत नाही. गेल्या चवथीला माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने अगदी सहज सांगितले की तिची पाळी आली आहे, आणि तसेच शिपट्याकडे हात नेला. “तू राहू दे, मी बांधते,” हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले आणि त्यांत मला मावशीआजीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी शिपटे तिच्या हातात दिले. तिची गाठ सैल बसली, म्हणून दोरीला दोन वेढे कसे द्यायचे ते आजोबांनी मला दाखवले होते तसे तिला दाखवले.

त्या रात्री बाबा दोनदा खोकले आणि दोन्ही वेळा मी उठून त्यांच्या कपाळाला हात लावून आले. विसर्जनानंतर माटोळीतला चिबूड उतरवून मुलीनेच कापला, त्यावर गूळ घातला आणि वाटी बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती संपवली आणि आणखी मागितली.